ढगाआडचं ग्रहण

१९९९च्या ऑगस्टमधलं सूर्यग्रहण पोलादपुरात ढगांनी पार झाकून टाकलं. अक्षदाला सातवा महिना, त्यात सकाळपासून उपाशी. शेवटी सासूलाच दया आली. ताट वाढून प्रयागबाई म्हणाल्या, "जे दिसत नाय ते पाळायचं नाय. जेव गो पोरी."

तेवढ्यात अंगणातून अक्षदाचा नवरा ओरडला. प्रवीण विज्ञानाचा मास्तर. गावातली अंधश्रद्धा घालवायची म्हणून केबलवाल्याच्या टाकाऊ डिशला मीटर जोडून त्याने घरीच रेडिओ दुर्बीण केली होती. सूर्याच्या रेडिओ लहरींना ढग आडवे येत नाहीत.

"आई, बघ! काटा खाली येतोय. सूर्य झाकला जातोय!"

वर्षभर त्या डिशला भंगार म्हणणाऱ्या प्रयागबाई बाहेर आल्या आणि काट्याकडे बघतच राहिल्या. "अगो बाय! ढगातनं दिसतंय की रे!"

"मग? पटलं ना आता?"

"पटलं तर!" म्हणत त्या धावत आत गेल्या आणि त्यांनी सुनेपुढचं ताट उचललं. अक्षदाचा पहिला घास हातातच राहिला.

दारात आ वासून उभ्या राहिलेल्या मुलाला त्या म्हणाल्या, "सुटलं की हाक मार. आता पंचांग नको, तुझ्या काट्यावरच इश्वास हाय माझा."