दुसरी घागर

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उद्यावर आली होती. सुरतेतल्या लिंबायतच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि अंजनाबाई तर पाय ठेवतील तिथे भांडण उभं करत होत्या. डाळीत खडे आहेत, गूळ ओला आहे, कुरडया मागच्या उन्हाळ्यातल्या आहेत. वाण्याशी गुजराती, फळवाल्याशी हिंदी आणि शिरपूरकडच्या भाजीवालीशी अहिराणी. भाव पाडायचा म्हटलं की त्यांना कुठलीच भाषा कमी पडत नसे. मागून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन सून चैताली चालत होती. सासूची घासाघीस रंगात आली की ती शेजारच्या दुकानाकडे बघत उभी राहायची.

आज मात्र तिचं लक्ष कशातच नव्हतं. पांडेसऱ्याच्या त्यांच्या गल्लीतल्या नव्या सुना कालच माहेरी गेल्या होत्या. आखाजीला सासुरवाशिणीनं माहेरी जायचं, झोके घ्यायचे, हा खानदेशाचा रिवाज. सुरतेत येऊनही कोणी सोडला नव्हता. चैतालीला जायला घर उरलं नव्हतं. वडील लहानपणीच गेलेले, भाऊ नाही, आणि दिवाळीनंतर आईही गेली. धरणगावच्या त्या दोन खोल्यांना आता कुलूप होतं.

झोक्याचं तिला काही नव्हतं. उद्या घरोघर पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतील, तेव्हा आपल्या आईची कोण भरणार, हे तिला आठवडाभर टोचत होतं. सासरी सासरच्या पितरांची भरतात. विचारायचं तरी कोणत्या तोंडानं? कोणाला न सांगता एक तांब्या भरून दाराआड ठेवायचा, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

आंबेवाल्यानं केशरची फोड पुढे केली. "चख के देखो, माँजी."

"घागर भरे बिना नहीं खाते," अंजनाबाई म्हणाल्या. मग न चाखताच आंबे आंबट ठरवून त्यांनी भाव पाडला.

घागरीच्या तोंडावर ठेवायला डांगर लागतं. खानदेशात खरबुजाला डांगर म्हणतात. अंजनाबाईंनी दोन काढली. एक खायला असेल, असं चैतालीला वाटलं. पण दोन्ही अगदी सारखीच हवीत म्हणून त्यांनी अख्खा ढीग उपसला, तेव्हा डांगरवाला वैतागला.

"खाना है, चाची, या दोनों का ब्याह कराना है?"

शेवटी त्या कुंभारणीपुढे येऊन बसल्या. एक घागर उचलली, टिचकी मारली, कान लावला आणि नाक मुरडून खाली ठेवली. दुसरी खणखणीत वाजली. ही धुडकूआबांची, म्हणजे चैतालीच्या वारलेल्या सासऱ्यांची. भाव ऐकताच अंजनाबाईंनी निम्म्यावर बोट ठेवलं.

"एटलामां नथी पोसातुं, मासी," कुंभारीण म्हणाली.

"तो मने क्यां पोसाय छे!"

त्या उठल्या, चार पावलं गेल्या, परत आल्या, पुन्हा उठल्या. नवऱ्याच्या घागरीसाठी इतकं भांडणारी बाई कुंभारणीनं दुसरी पाहिली नसावी. हात जोडून तिनं घागर देऊन टाकली. चैताली ती उचलायला वाकली.

"थांब," अंजनाबाई म्हणाल्या आणि पुन्हा खाली बसल्या.

आता त्या सावकाश निवडू लागल्या. एक घागर मांडीवर घेतली. काठावरून बोट फिरवलं. कुंभारणीकडून पाणी मागून आत ओतलं, बूड पाझरतं का ते पाहिलं, तळहातानं पुसलं. मग भाव विचारला. कुंभारणीनं सांगितला आणि पुढच्या भांडणासाठी पदर खोचला. अंजनाबाईंनी कमरेची पिशवी उघडली आणि तेवढे पैसे तिच्या हातावर ठेवले.

कुंभारीण त्यांच्याकडे बघतच राहिली. "केम मासी, भावताल नथी करवो?"

"आ वेवाणनी छे," अंजनाबाई म्हणाल्या.

वेवाण म्हणजे विहीण. एवढं गुजराती चैतालीला येत होतं. पिशव्या हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. आई सुरतेला कधी आली नव्हती. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, म्हणून दरवेळी पुढच्या वर्षी येईन म्हणायची.

"पन आत्या," ती म्हणाली, "माय म्हने, पोरना घरनं पानी चालत नही."

"जित्ती व्हती तवय नही चालनं. आते कोन अडावस तिले?"

चैतालीनं भर बाजारात वाकून सासूचे पाय धरले. इतकं बरं तिला आई गेल्यापासून वाटलं नव्हतं. पिशवी कलंडली आणि दोन आंबे कुंभारणीच्या पुढ्यात घरंगळले.

"ऊठ, ऊठ! आंबा दाबाई जातीन ना!" अंजनाबाई ओरडल्या, आणि आंबे पदरानं पुसत बसल्या. पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

रिक्षात त्यांनी धुडकूआबांची घागर पायांशी, डाळीच्या आणि गुळाच्या पिशव्यांमध्ये कोंबली. दुसरी चैतालीच्या मांडीवर दिली. पांडेसऱ्याच्या वळणावर खड्डा आला, रिक्षा उसळली, तशा त्या रिक्षावाल्यावर खेकसल्या. मग सुनेकडे वळल्या.

"घट्ट धर," त्या म्हणाल्या. "पयल्यांदाच येई ऱ्हायनी ती आपला घर."