एकत्र ऑर्डर

लहानपणी एका पांघरुणात झोपलेल्या त्या दोन भावांतून आता विस्तव जात नव्हता. गोदामाच्या मधोमध भिंत उभी राहिली, एका शटरची दोन झाली. वाटायचं राहिलं ते फक्त माल मागवायचं सॉफ्टवेअर.

ते सुधारून देणारा इंजिनिअर कौतुकानं म्हणाला, "आता एकसारख्या ऑर्डर आपोआप एकत्र होतात, दादा. माल स्वस्त पडतो."

"माल खुशाल एकत्र कर. त्या चोराला तेवढं माझ्यापासून लांब ठेव," थोरला गुरगुरला.

"चोर कोण ते याच्या खिशाला विचारा!" भिंतीपलीकडून धाकटा ओरडला.

त्याच दिवशी दोघांनीही, एकमेकांच्या नकळत, बाजारातलं सगळ्यात भक्कम कुलूप मागवलं. कुलपं आली, शटरांना लागली. दोघांनी आपापलं कुलूप ओढून पाहिलं, एकमेकांकडे बघून जमिनीवर थुंकले आणि घरी निघाले. तेवढ्यात दोघांचेही फोन एकदम वाजले.

"तुमच्या दोन ऑर्डर एकत्र करून, एकाच चावीनं उघडणारी कुलपांची जोडी पाठवली आहे. बचतीबद्दल अभिनंदन!"



त्या रात्री कितीतरी वर्षांनी दोघं भाऊ शेजारी शेजारी झोपले. आपापल्या शटरला पाठ लावून, एकेक डोळा उघडा ठेवून.