खऱ्या सैनिकाची जागा

निवडणूक कार्यालयाच्या पत्राला अण्णांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. मतदान केंद्रांवर मदतनीस नेमायचे होते आणि माजी सैनिकांना प्राधान्य होतं. जायची इच्छा खूप होती, पण सैन्यात अण्णांनी फक्त टपाल वाटलं होतं. खऱ्या सैनिकाची जागा आपण कशी अडवायची? चारकोपच्या बागेत त्यांनी हे दादूला बोलून दाखवलं. सीमेवर लढलेला तो जुना सोबती भडकलाच. “वेडा झालास काय रे? माझी पोरगी जन्मली हे त्या बर्फात मला कोणी कळवलं? जनरलसाहेबांनी?” “पत्र तुझ्या आईचं होतं,” अण्णा पुटपुटले. “आणि कमरेएवढ्या बर्फातून चौकीवर आणलं कोणी? माझी बोटं गारठलेली, म्हणून वाचलंस तूच. रडलासही माझ्याआधी!” अण्णांना हसू आलं. घरी जाऊन त्यांनी होकार लिहिला, सहीखाली पहिल्यांदाच ‘माजी सैनिक’ घातलं आणि पाकीट नाक्यावरच्या टपालपेटीत टाकलं.