लेखी खबर

“वात कुणी कापली ही?”

नऊ वर्षांनी घरात पाऊल टाकल्यावर एलिशा थर्लोच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द. मान वर करून तो छताला टांगलेल्या दिव्याकडे बघत होता. देवमाशाच्या तेलावर जळणारा, काजळी न धरणारा हा दिवा त्यानेच शोधून काढलेला. दिव्याने त्याचं नाव झालं आणि त्या नावावर इंग्रजी वसाहतीतल्या न्यूपोर्टच्या लोकांनी त्याला आपला वकील म्हणून लंडनला राजदरबारी पाठवलं. कागदावरचा कर उठवून तो आज परत आला होता. गलबत अजून खाडीच्या तोंडाशीच होतं. तो लहान होडीने थेट घरामागच्या धक्क्यावर उतरला, त्यामुळे गावाला अजून पत्ता नव्हता.

“मी कापली,” त्याची मुलगी हुल्दा म्हणाली. दातांवर दात दाबून.

विचारा, ती मनात म्हणत होती. आता तरी विचारा, आई कुठंय म्हणून.

आई गेल्या वर्षी एप्रिलात तापाने गेली. आठ दिवस अंथरुणावर होती. रोज एकच प्रश्न, “आलं का गं त्यांचं पत्र?” पत्र आलं ते तिला माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी. चांगलं तीन पानी. दोन पानं दरबारातल्या घडामोडी आणि एक पान दिवा. तेल किती लागतं, वात किती तास टिकते, ताबडतोब कळव. केझिया, तू कशी आहेस, एवढं विचारायला मात्र त्या तीन पानांत जागा नव्हती.

केझियाला लिहिता येत नसे. ती सांगायची आणि हुल्दा लिहायची, त्यामुळे अक्षर पहिल्यापासून हुल्दाचंच. त्या संध्याकाळी संतापाने तिने आईच्या नावानेच उत्तर लिहिलं. वात अकरा तास टिकते. बाकी सर्व क्षेम. ज्या दिवशी हा माणूस आईची चौकशी करील, त्याच दिवशी त्याला खरं सांगायचं, अशी तिने शपथ घेतली. गावची टपालकचेरी त्यांच्याच घरात होती आणि लंडनची थैली तीच बांधायची. पाद्र्याने आणि गावच्या पुढाऱ्यांनी लिहिलेली दुखवट्याची पत्रं तिच्या पेटीतच राहिली.

हे फक्त डॉर्कसमावशीला ठाऊक होतं. आईची ती धाकटी बहीण.

“मेलेल्या बाईच्या नावानं खुशाली कळवतेस?” मावशी कपाळाला हात लावून म्हणायची. “बापाला अद्दल घडवायला निघालीस, पण जळतेयस तू. तो तिकडं मजेत जेवतोय.”

“जळू दे. एकदा विचारू दे त्यांना, मावशी. एकदाच.”

चौदा महिन्यांत अकरा पत्रं आली. प्रत्येकाची सुरुवात ‘प्रिय केझियास’ अशी. विचारलं एकातही नव्हतं.

आता तो जेवायला बसला. मावशीने मक्याची भाकरी आणि शिंपल्यांचं कालवण पुढे ठेवलं. त्याने मावशीच्या गुडघ्यांची विचारपूस केली. कोंबड्यांची केली. शेजाऱ्याचं म्हातारं कुत्रं अजून आहे का, तेही विचारलं. समोरची खुर्ची रिकामी होती, तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि मीठ मागितलं.

हुल्दाच्या डोक्यात तिडीक गेली. ती आत गेली आणि काळे हातमोजे आणून तिने त्याच्या ताटाशेजारी आपटले. त्यांच्या गावात कुणी गेलं की जवळच्या माणसांना असे हातमोजे धाडतात. ते हातात पडले की तोंडाने काही सांगावं लागत नाही.

“हे तुमचे. चौदा महिने सांभाळलेत मी. आता विचारा, कुणाच्या मौतीचे!”

एलिशाने चमचा खाली ठेवला. तो दचकला नाही.

“मला ठाऊक आहे, पोरी. आपल्या गावचं गलबत घेऊन कॅप्टन टिलिंग लंडनला आला होता, त्यानं सांगितलं. तिला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा.”

मावशीच्या हातातला वाडगा खाली पडला. हुल्दाने टेबलावर दोन्ही हात टेकले.

“ठाऊक होतं? मग ती पत्रं? प्रिय केझियास? कुणाला लिहीत होतात तुम्ही?”

“टिलिंग दारूच्या गुत्त्यात बसून बोलला. त्याला मी गप्प केलं. आमच्या कामात लेखी खबर येत नाही तोवर काही घडलेलं नसतं.” तो शांतपणे बोलत होता, गावसभेत बोलावं तसा. “तुझं लेखी आलं असतं, तर काळे कपडे घालून मला वर्षभर घरात बसावं लागलं असतं. सुतकी माणसाला दरबारात कोण उभं करतं? बोलणी मोडली असती. कर तसाच राहिला असता.”

बाहेर घंटा वाजू लागल्या. कुणीतरी गलबत ओळखलं होतं. त्याच्या नावाचा जयजयकार करत माणसं रस्त्याने येत होती. एलिशा उठला. एकेक बोट नीट ओढून त्याने हातमोजे चढवले आणि तो दाराकडे निघाला.

हुल्दा दारात आडवी उभी राहिली. तिचा आवाज फाटला होता.

“कर गेला चुलीत! आठ दिवस वाट बघून मेली ती! एका ओळीत, खोटं का होईना, ती कशी आहे एवढं तरी विचारायचं होतंत!”

“विचारलं असतं,” तो म्हणाला, “तर तू सांगितलं असतंस.”