बॅटरीची गाडी विकणे आहे

“पळते किती?” भारतनं गाडीभोवती एक चक्कर मारून विचारलं.

“एकदा चार्ज केली की साठ किलोमीटर,” शिवप्रसाद म्हणाला. “मी रोज हिंगोलीहून नरसीला दुकानावर जायचो. जाऊन-येऊन चाळीसच्या आसपास. आरामात पुरायची.”

भारत सेनगावकडच्या एका शाळेवर मास्तर होता. गाडीच्या पुढच्या काचेवर चिकटवलेल्या कागदावरचा नंबर वाचून त्यानं फोन केला आणि रविवारी सकाळीच हजर झाला. सोबत पटका बांधलेला एक म्हातारा होता. “आमचे मामा,” एवढीच त्यानं ओळख करून दिली. मामा कट्ट्यावर टेकले.

साल २००८. पेट्रोल पन्नाशीच्या पुढं गेलं होतं, तरी या गाडीला गिऱ्हाईक नव्हतं. आधीचे दोघं तर चहा पिऊन, हसून निघून गेले. बारा-बारा तास लाईट नसलेल्या गावात बॅटरीची गाडी घ्यायची म्हणजे पाण्याचा पत्ता नाही आणि न्हाणीघर बांधलं, असाच प्रकार. नव्याचे नऊ दिवस संपले आणि शिवप्रसाद पुन्हा एसटीनं दुकानाला जाऊ लागला. चार महिने गाडी दारात उभी होती आणि त्याला ती कशीही करून खपवायची होती.

“पेट्रोलची घेतली तर काय वाईट?”

“पेट्रोलची म्हणजे दारात हत्ती बांधणं, मास्तर. नुसतं खायला घालत राहा.”

“आता दोन्हीवर चालणारी बी आली म्हणत्यात. पेट्रोलवर आन् बॅटरीवर.”

“ती मुंबई-पुण्याच्या शेटलोकांची. तिचं बॉनेट उघडलं तर आपला मिस्तरी पळून जाईल.” शिवप्रसाद हसला. “रोजच्या जाण्यायेण्याला हीच बराबर. रात्री लाईट आली की लावून ठेवायची, सकाळी निघायचं.”

“पेट्रोलवाल्यांचं बी बघूनच राहिलो म्हणा,” भारत म्हणाला. “त्या भुजंगची जीप ठाण्यात सडून राहिली.”

शिवप्रसादनं मान हलवली. भुजंगचं प्रकरण सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. हिंगोली-नरसी रस्त्यावर त्याची पेट्रोलची जीप सवाऱ्या न्यायची. चार महिन्यांपूर्वी, दिवाळीनंतर एका सांजेला त्याच रस्त्यानं मेंढरं चालली होती. मेंढरं रस्त्यानं न्यायची एक रीत असते. एकानं पुढं चालायचं, एकानं मागं. पुढच्यानं वळून बघायचं नाही. मागून गाडीचा आवाज आला की शीळ घालायची, म्हणजे कळप कडेला होतो. त्या सांजेला पुसेगावचा सटवाजी पुढं होता आणि त्याची बायको शालूबाई मागं. सटवाजीनं शीळ घातली, जीप निघून गेली. थोड्या वेळानं मेंढरं उधळली म्हणून त्यानं मागं पाहिलं, तर शालूबाई रस्त्यावर पडली होती. कुणीतरी उडवून गेलं होतं. ती तिथंच संपली.

सटवाजीनं पोलिसांना सांगितलं, आवाज भुजंगच्या जीपचा होता. ती गेल्यावर दुसरी एकही गाडी आली नाही. धुळीत कुणाला काही दिसलं नव्हतं, पण ज्याचा जन्म कळपापुढं चालण्यात गेला, त्याच्या कानाला खोटं कोण म्हणणार? येत्या मंगळवारी तो कोर्टात हेच सांगणार होता. भुजंग ज्याला-त्याला हात जोडून ‘मी न्हाई’ म्हणत होता. तीन पोरींचा बाप आता आत जाणार, हे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. वाईट वाटायचं, पण करणार काय?

“लई वाईट झालं,” शिवप्रसाद म्हणाला. “मागच्याच गल्लीत राहतो तो. मी ज्वारीचं पोतं पाठवलं त्याच्या घरी.”

खरंच पाठवलं होतं. त्यानं कुणाला सांगितलंही नव्हतं.

“भुजंग तर न्हाई म्हणून राहिला,” भारत म्हणाला.

“म्हणणारच. पण त्या म्हाताऱ्याचा कान काहून खोटं बोलंल?”

कट्ट्यावरचे मामा तेव्हा पहिल्यांदा बोलले. “हिचा आवाज येत न्हाई म्हणत्यात. खरं हाय का?”

“अजिबात न्हाई, मामा.”

“मला दावा. म्या म्होरं चालतो, तुमी मागून आणा.”

शिवप्रसाद क्षणभर घुटमळला. मग गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून चावी घेऊन बसला. भारत शेजारी बसला.

घरामागचा रस्ता रिकामा होता. मामा हात पाठीशी बांधून चालू लागले. गाडी हळूहळू त्यांच्या मागं गेली. पाच हात राहिले, दोन हात राहिले. मामा चालतच होते.

“मामा!” भारत ओरडला, तेव्हा ते वळले. गाडीचं नाक त्यांच्या गुडघ्याशी होतं.

“आणखीन एकदा.”

दुसऱ्यांदाही तेच झालं. मामांनी पटका सोडला, कान मोकळे केले.

“आणखीन एकदा आणा, साहेब. जरा जोरात.”

तिसऱ्यांदाही भारतलाच ओरडावं लागलं. शिवप्रसादला आता हुरूप आला होता. तो काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाला, “बघा! पाठीला टेकली तरी माणसाला पत्ता लागत न्हाई. पेट्रोलच्या गाडीत हाय का ही गोष्ट?”

मामा बॉनेटला धरून खाली बसले, भर रस्त्यात. भारत उतरून धावला.

“काय झालं? तकलीफ व्हायली का?” शिवप्रसादनं विचारलं.

म्हाताऱ्यानं मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

“त्या सांजेलाबी मला असंच काई ऐकू आलं न्हाई, साहेब. माझी शालू मागं चालून राहिली होती.”