मान्यतेचा अंगठा

मोबाइलवरून नजरही न हटवता निनादने औषधाच्या बाटलीवर मान्यतेचा अंगठा टेकवला आणि ती नाडगौडाबाईंच्या उशाशी ठेवली. प्रत्येक रुग्णाचं वेगळं औषध आता यंत्रच बनवायचं. औषधशास्त्राच्या सुवर्णपदकवाल्याला एवढंच काम उरलं होतं.

“लेबल तीनदा वाचायचं, हे घसा फोडून शिकवलं होतं तुम्हाला,” खाटेवरून बाई म्हणाल्या. “एकदा तरी वाचलंस?”

“यंत्र चुकत नाही, मॅडम. रोज चारशे बाटल्या मान्य करतो मी.”

या ठोंब्याला आपणच पहिला नंबर दिला, याची बाईंना लाज वाटली. त्यांनी चष्मा लावला. लेबलवर शेजारच्या खाटेवरच्या दळवींचं नाव होतं.

“यंत्र चुकलेलं नाहीच,” त्या म्हणाल्या. “माझी बाटली कुठे ठेवलीस?”

निनादने पहिल्यांदाच मान वर केली. पलीकडे दळवी ओठ पुसत होते.