नखभर फट
तेंडोलकर सरांनी स्वतःच्या हाताने काळ्या पेटीचं झाकण लावलं, व्होल्टेज चढवलं, आणि मीटरवर करंटचा आकडा भडकला.

"तारा जोडताना हात हलला का, ताई?"

पेटीत सिलिकॉनचा सेन्सर होता, प्रयोगात आदळणाऱ्या कणांचा माग काढणारा. केसाहून बारीक अशा त्याच्या दोन हजार तारा शरयूताईंनी सूक्ष्मदर्शकाखाली जोडल्या होत्या. उद्या तो परदेशी रवाना व्हायचा होता. दुसरा शिल्लक नव्हता.

"नाही हलला, सर." पण बावीस वर्षांत पहिल्यांदाच ताईंना खात्री वाटेना. सरांनी वहीत 'बाद' लिहायला पेन उघडलं. ताईंनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

तेवढ्यात वीज गेली. बिनखिडकीच्या खोलीत मिट्ट काळोख झाला; यूपीएसवरची यंत्रं तेवढी चालू राहिली. मीटरचा आकडा झपकन खाली आला.

दिवे आले. आकडा पुन्हा चढला.

सेन्सरवर उजेड पडला की करंट वाढतो, म्हणून तर त्याला काळ्या पेटीत तपासायचं! ताईंनी झाकणाच्या कडेने बोट फिरवलं. एका कोपऱ्यात नखभर फट होती.

"सर, झाकण नीट बसलेलंच नाही."

सरांनी पेनाला टोपण लावलं, आणि टेबलावरचे हातमोजे दोन्ही हातांनी ताईंपुढे धरले.